दयानंद सरांचं काठीवरचं फ्रेंच

माणसावर पटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. नांदेडच्या कलेक्टर कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून मी चौतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. निजामाच्या काळात अशा माणसाला अर्जनवीस म्हणायचे, आता मुन्शी म्हणतात. या चौतीस वर्षांत माझ्यासमोरच्या बाकड्यावर सख्खे भाऊ येऊन एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहून घेऊन गेले, आणि एकदा तर एक धडधाकट माणूस स्वतःच्या मृत्यूचा दाखला रद्द करून घ्यायला आला. अशा जागी बसून स्वभाव शंकेखोर झाला, तर त्यात माझं काय चुकलं? माझी बायको सिंधु म्हणते, दूधवाल्यानं रामराम घातला तरी तुम्ही आधी दुधात बोट बुडवून बघता. बघतो. दोनदा पाणी सापडलंय.

त्यामुळे आमच्या पुनमनं जेव्हा सांगितलं की ती फ्रेंच शिकून राहिली, तेव्हा मी कशासाठी ते विचारलं नाही. कोण शिकवतो ते विचारलं.

"दयानंद सर. धर्माबादचे हायेत."

"धर्माबादला मिरचीचा बाजार हाय. तिथं फ्रेंच कवापासून उतरायला लागली?"

पुनम माझी एकुलती एक. वय सव्वीस, नर्सिंग केलेली, चार वर्षं इथल्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात ड्युटी करते. कॅनडात म्हणे एक मुलूख असा आहे, जिथं पेशंट फ्रेंच बोलतात आणि नर्सा कमी पडतात. तिचं नाव यादीत आलं होतं. अट एकच. बावीस नोव्हेंबरला हैदराबादला परीक्षा, आणि तीत परीक्षकासमोर बसून तोंडानं फ्रेंच बोलून दाखवायचं. पास झाली तर पुढच्या उन्हाळ्यात नोकरी, नापास झाली तर तिची जागा यादीतल्या दुसऱ्या कुणाला. म्हणजे पोरीचं सगळं पुढचं आयुष्य धर्माबादच्या एका माणसाच्या तोंडावर टांगलेलं. मला झोप कशी लागावी?

सकाळी ड्युटीला जायच्या आधी पुनम चहा ठेवायची आणि बोटाच्या पेरानं ओट्यावर टकटक करायची. "नू-पार्-लों." तीन टकटक. "वू-पार्-ले." तीन. "इल-पार्ल." दोनच. आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. चहा उतू जायचा तरी टकटक चालूच. सरांचं म्हणणं असं की क्रियापदाचं रूप बदललं की त्याचे किती तुकडे पडतात, हे आधी हाताला कळलं पाहिजे, तोंड मागून येतं. पहिला महिनाभर त्यांनी पोरांना वहीच उघडू दिली नव्हती. मी लिहिण्यावर पोट भरणारा माणूस. जो शिकवणारा लिहू देत नाही, त्याला काहीतरी लपवायचं असतं, हे मी तिथंच ताडलं.

पुढे वह्या उघडल्या. पुनम ड्युटीला गेल्यावर मी तिची वही काढली, चष्मा पुसला आणि तपासायला बसलो. इंग्रजी लिपी मला येते, कचेरीसमोर बसणाऱ्याला ती यावीच लागते. 'बोलणे' या एका क्रियापदाची सहा रूपं एकाखाली एक लिहिलेली. त्यातल्या चार ओळींची शेपटं लिहायला वेगवेगळी. कुठं एक अक्षर, कुठं दोन, कुठं तीन. आणि पुनमच्या तोंडून मात्र चारही ठिकाणी एकच 'पार्ल' निघायचं.

संध्याकाळी मी विचारलं, "ही शेवटची तीन अक्षरं कुठं गेली?"

"ती म्हणायची नसतात, आप्पा."

"मग लिहिली कशाला?"

"लिहायची असतात."

आमच्याकडे खरेदीखतावर सही घ्यायच्या आधी ते दोन्ही बाजूंना अक्षर न् अक्षर वाचून दाखवतात. वाचणाऱ्यानं तीन अक्षरं गिळली तर ऐकणाऱ्याचे तीन गुंठे जातात. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि हे तर काहीच नाही. त्या 'नू'च्या शेपटाला एक मुकं अक्षर असतं. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की ते जागं होतं आणि पलीकडच्या शब्दात जाऊन बसतं. "नू-झा-तां-दों," पुनमनं चार टकटक करून दाखवलं, "आम्ही वाट बघतो." म्हणजे अक्षर याच्या मालकीचं आणि राहायला त्याच्या घरात. हा सरळसरळ बांध कोरण्याचा प्रकार होता. पण भाषेवर तक्रार दाखल करता येत नाही. माणसावर येते.

म्हणून एका संध्याकाळी मी तरोडा नाक्याकडे गेलो. तिथल्या एका शाळेच्या खोलीत सहा ते आठ हा वर्ग भरायचा. शाळा लातूरच्या एका शिक्षणसंस्थेची. पुनमची त्या दिवशी संध्याकाळची ड्युटी होती, मी ते बघूनच दिवस निवडला होता. खिडकीतून पाहिलं. दहा-बारा पोरंपोरी, बहुतेक नर्सा. समोर एक काळासावळा, हडकुळा माणूस, पन्नाशीला टेकलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला. हातात काठी. एक मुलगी काहीतरी म्हणायची आणि तो तुकड्यातुकड्याला काठी फरशीवर टेकवायचा. ती चुकली की काठी वर तशीच धरून ठेवायचा. रागावायचा नाही, बोलायचा नाही. बरोबर म्हटल्याशिवाय काठी खाली यायची नाही. सगळा वर्ग त्या वर राहिलेल्या काठीकडे बघत बसायचा. मला हे देवऋष्याचं काम वाटलं.

वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात गाठलं. भाच्यासाठी चौकशीला आलोय, म्हटलं. मला भाचा नाही.

"तुम्ही फ्रान्सला किती वर्षं होता?"

"कधीच न्हाई गेलो काका. विमानातबी बसलो न्हाई."

"मग शिकला कुठं?"

"पाँडिचेरीला. एका म्हाताऱ्यापाशी."

"कॉलेजात?"

"त्याच्या घरी."

"डिग्री?"

"डिग्री न्हाई. एक परीक्षा पास हाय."

हे सगळं तो हसत हसत सांगत होता. खोटं बोलणारा माणूस अशा प्रश्नांना गडबडतो आणि खरं बोलणारा चिडतो, असा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. हा हसला. हसणाऱ्याचं काय समजायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी वाईटच समजलो.

घरी पुनमला काही बोललो नाही. तिला सांगून ती ऐकणाऱ्यातली नव्हती. मी माझ्या पद्धतीनं गेलो. निनावी अर्ज.

निनावी अर्ज लिहिणं हे साध्या अर्जापेक्षा अवघड काम आहे. आपलं अक्षर ओळखू येतं, म्हणून कॉम्प्युटरवर टाइप करून घ्यायचा, तोही ओळखीच्या दुकानात नाही. मराठी मुद्दाम थोडी कच्ची ठेवायची. खोटं एकही वाक्य लिहायचं नाही, नुसते प्रश्न विचारायचे. सदर इसमाकडे कोणती पदवी आहे? सदर इसम परदेशी कधी गेला होता काय? वर्गात काठी कशासाठी वापरली जाते? एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण प्रश्नांना धार येत नव्हती. संस्थेचे लोक डिग्रीसाठी हलत नाहीत, हे मला माहीत होतं. ते कशासाठी हलतात हेही माहीत होतं. म्हणून शेवटी एक ओळ टाकली: 'सायंकाळच्या वेळी तरुण मुलींना बंद शाळेत बोलावून हा इसम नेमके काय शिकवतो, याचा शोध संस्था घेणार काय?' खाली 'एक त्रस्त पालक'. पत्ता लातूरच्या संस्थेचा. नांदेडचा शिक्का नको म्हणून भोकरला एका कामासाठी गेलो तेव्हा तिथल्या पेटीत टाकला. परत येताना मन अगदी हलकं झालं होतं, हे कबूल करतो.

बारा दिवसांनी पुनम वेळेच्या आधी घरी आली. शाळेच्या फाटकावर संस्थेची नोटीस लागली होती. दयानंद यांच्याविरुद्ध तक्रार आल्यानं चौकशी पूर्ण होईपर्यंत खोली बंद. पोरगी चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"परीक्षेला तेवीस दिवस हायेत, आप्पा. माझं बोलणं आत्ता कुठं सुटून राहिलं होतं."

"दुसरा कुणी मास्तर बघू," मी म्हटलं.

"अख्ख्या नांदेडात दुसरा हाय कोण?"

एवढं बोलून ती रडली. पुनम रडत नाही. दवाखान्यात तिच्या हातावर माणसं जातात, तेव्हाही घरी येऊन जेवून झोपते. सिंधुनं माझ्याकडे बघितलं, आणि मी पेपर उघडला. बरं झालं, भोंदू माणसाच्या हातून सुटली, असं मनाला सांगत राहिलो.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या बाकड्यावर एक माणूस येऊन बसला. प्लास्टिकची फाईल, रबरी चपला. दयानंद सर.

"मुन्शीजी, एक अर्ज लिहून पाहिजे. पुनम मॅडमनं पाठवलं. म्हणाल्या, माझ्या आप्पांसारखा अर्ज जिल्ह्यात कुणी लिहीत न्हाई." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही तर त्या दिवशी वर्गावर आलता. भाच्याचं काय झालं मग?"

"भाचा पुण्याला गेला," मी म्हटलं. हा माणूस मुद्दाम आलाय, याला सगळं कळलंय, असं वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना. नाही म्हणावं तर पुनमला काय सांगू? मी कागद ओढला.

अर्ज लिहायची माझी एक पद्धत आहे. नाव, वय, धंदा, राहणार इथून सुरुवात करायची आणि पक्षकाराला जन्मापासून बोलतं करायचं. माणूस सलग सांगायला लागला की खोटं कुठं आहे ते आपोआप वर येतं. त्या दिवशी मी खोटं शोधायलाच बसलो होतो.

"वडिलांचं नाव?"

"आईचं लिहा. कमलम्मा."

कमलम्मा धर्माबादच्या मिरचीच्या गोदामात देठं तोडायची. घरात तेलुगू, बाजारात मराठी. हा दहावी झाला आणि मिरचीच्या ट्रकवर हमाली करत गुंटूरला गेला. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं पाँडिचेरीला. एका म्हाताऱ्याची देखभाल करायचं काम मिळालं. म्हातारा तमिळ, पण फ्रान्सच्या फौजेत नोकरी केलेला, पेन्शन तिकडची. डोळे गेलेले. त्याला रोज सकाळी फ्रेंच पेपर वाचून दाखवणारं कुणीतरी पाहिजे होतं, आणि घरातल्यांना वेळ नव्हता.

"मला एक अक्षर येत न्हवतं. तो म्हणायचा, तुला समजायची गरज न्हाई, मला समजलं म्हणजे झालं. तू फक्त बरोबर म्हण. मी दिसंल ते सगळं वाचायचो, शेपटासकट. तो काठी वर धरायचा. जवर बरोबर तुकडे पडत न्हाईत, तवर काठी खाली न्हाई. एकेका ओळीला अर्धा अर्धा तास जायचा. नऊ वर्षं वाचलं मुन्शीजी. अर्थ तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळाया लागला."

"म्हणजे तुम्ही शिकलात त्या भाषेचा खरा फ्रेंच माणूस तुम्ही बघितलाच नाही?"

"माझा फ्रेंच माणूस माझ्याएवढाच काळा होता," तो हसला. मग हसू थांबलं. "खरं सांगू का? मलाबी लई दिवस शंका होती. आंधळा म्हातारा, चाळीस वर्षांपूर्वी फौज सोडलेला. त्यानं मला चुकीचंच शिकवलं असलं तर? कुणाला विचारू? पदरचं घालून परीक्षेला बसलो, ती त्याच्यासाठीच. बोलण्यात पंचवीसपैकी एकवीस पडले. तवा झोप लागली."

स्वतःच्या गुरूवर शंका घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. त्यानं निकालाचा कागद काढून दाखवला. मी उलटसुलट करून, उन्हात धरून बघितला. खरा होता. म्हातारा गेल्यावर हा आईकडे परत आला, कारण मिरचीनं तिचे डोळे अधू झाले होते. आता सकाळी नांदेडात औषधांच्या एका गोदामात पॅकिंग करायचा, संध्याकाळी शिकवायचा. मी प्रत्येक वाक्याला उलट प्रश्न विचारला, तारखा जुळवून पाहिल्या. कुठंही खोट निघाली नाही. इतका राग आला मला त्याचा.

"आता तक्रारीतला एकेक मुद्दा घेऊ," मी म्हटलं. "तक्रारीची प्रत आहे का?"

"संस्थेनं झेरॉक्स दिलीय. माझा चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा की मोठ्यानं."

मी झेरॉक्स घेतली आणि वाचली. वाचणं हा माझा धंदा आहे, मी अडखळत नाही. सदर इसमाकडे कोणती पदवी, सदर इसम परदेशी. तो मान खाली घालून ऐकत होता आणि सवयीनं टेबलावर बोटानं माझ्या शब्दांचे तुकडे मोजत होता. शेवटच्या ओळीला, 'तरुण मुलींना बंद शाळेत बोलावून' इथं त्याचं बोट वरच राहिलं. बराच वेळ खाली आलं नाही.

"मुन्शीजी," त्यानं विचारलं, "ज्यानं हे लिहिलं, त्याला पोरगी असंल का हो?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

"मग डिग्रीचं, काठीचं काही उत्तर देऊ नका. एवढंच लिहा, परीक्षा होईपर्यंत पोरींना ती खोली द्या. मी बाहेर व्हरांड्यात बसून शिकवतो, दार उघडं ठेवून. अन् चौकशीत कुणा पोरीला बोलावू नका. नंतर मी वर्गच बंद करतो. माझी आई धर्माबादला असती. ही ओळ तिच्या कानावर गेली तर ती काय करंल, मला माहीत न्हाई."

उद्या सही करायला येतो म्हणून तो उठला. पैसे विचारले, मी नको म्हटलं. तो गेला, झेरॉक्स तिथंच राहिली.

मी मसुदा करायला घेतला आणि मुद्दे बघायला तो कागद पुढे ओढला. झेरॉक्स काढणाऱ्यानं मूळ कागद वाकडा ठेवला होता. प्रत्येक ओळीतले उजवीकडचे दोन-दोन शब्द उडाले होते. आणि 'काठी कशासाठी वापरली' इथंच कागद संपत होता. शेवटची ओळ त्यावर नव्हतीच. अर्धीमुर्धीसुद्धा नाही. मी ती कागदावर नसताना वाचली होती, स्वल्पविरामासकट.

चार दिवस तो कागद त्याच्याजवळ होता. त्यानं तो शंभर वेळा वाचला असणार. ती ओळ त्यानं पहिल्यांदा ऐकली ती माझ्या तोंडून. दुसऱ्यांचे कागद उन्हात धरून बघणारा मी, आणि माझं असं व्हावं! समोरच्या टपरीवरच्या मारोतीनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मला आता एकच भीती होती. तो हे पुनमला सांगेल.

त्या दिवशी संध्याकाळी पुनम घरी आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं विचारलं, "सर आलते का? चांगला लिहा हं आप्पा. तुम्ही लिहिलं की काम होतंच." त्यानं सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, याचीही मला शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी टेबल बंद, असा मारोतीकडे निरोप ठेवून मी सकाळच्या एस.टी.नं लातूरला गेलो. गंजगोलाईपासून चालत संस्थेच्या कचेरीत पोचलो. तिथले क्लार्क महादेवप्पा फाईल बांधत होते.

"एक तक्रार अर्ज मागं घ्यायचाय," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"निनावी हाय."

"मग तुम्ही कोण?"

महादेवप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "निनावी अर्ज मागं घेता येत न्हाई, मालक. ज्याचं नाव न्हाई, त्याचं मागं कोण घेणार? चौकशी बसली हाय. समितीची बैठक जानेवारीत."

"परीक्षा नोव्हेंबरात हाय."

"मग ज्यानं लिहिला त्यानं नावानिशी लिहून द्यावं. आज दिलं तर उद्या खोली उघडंल. दुसरा रस्ता न्हाई."

दुसऱ्यांना मी आयुष्यभर हेच सांगत आलो की नाव घाला, सही करा, घाबरता कशाला. त्या बाकड्यावर बसून मी लिहिलं: 'मी, रामलिंग, धंदा अर्जलेखन, राहणार नांदेड, वरील निनावी अर्जाचा लेखक आहे. त्यातील तरुण मुलींविषयीच्या शेवटच्या ओळीस कोणताही आधार नव्हता.' कारण काय, असं महादेवप्पांनी विचारलं. कारणाशिवाय घेता येत नाही म्हणाले. मी लिहिलं, 'मुलीच्या काळजीपोटी.' सही केली. त्यांनी शिक्का मारला आणि खाली लाल पेनानं लिहिलं, प्रत शाळेच्या फलकावर.

"फलकावर लावलंच पाहिजे का?"

"त्या माणसाचं नाव आठवडाभर फाटकावर लटकून हाय की," महादेवप्पा म्हणाले.

खोली उघडली. मी शाळेकडे फिरकलो नाही. त्या संध्याकाळी पुनम नेहमीच्या वेळेला घरी आली, हातपाय धुतले, जेवली. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. सिंधुनं मीठ दिलं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर टकटक झाली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सराव ती आता दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत करायची, असं सिंधुकडून कळलं. घरात माझ्याशी बोलायची ते कामापुरतं: गॅसचा नंबर लावा, लाइटबिल आलंय.

दयानंद सर मला बाजारात भेटले, औषधांच्या खोक्यांचा गाडा ढकलत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारून बसलो.

"तुम्हाला माझ्या टेबलावरच कळलं होतं. पुनमला का सांगितलं नाही?"

त्यांनी गाडा थांबवला. "परीक्षेला एकोणीस दिवस होते मुन्शीजी. तिला बोलायचं होतं. घरचं असलं काही कळल्यावर पोरीचं तोंड उघडतंय व्हय? मी परीक्षेनंतर सांगणार होतो, तुम्हीच आधी सांगितलं." आणि जाता जाता म्हणाले, "कागद मात्र लई चांगला वाचता."

हैदराबादला सोबत येतो म्हणालो तर पुनम म्हणाली, मी जाईन एकटी. गेली. डिसेंबरच्या शेवटी निकाल लागला, बोलण्यात पंचवीसपैकी एकोणीस. पेढे घेऊन ती आधी सरांकडे गेली, मग घरी आली. देवाला ठेवला, आईला दिला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "राग गेला म्हणायचा."

"एक विचारायचं होतं आप्पा. परीक्षेआधी विचारलं असतं तर मला बोलताच आलं नसतं. तुम्ही लातूरला लिहून दिलं, मुलीच्या काळजीपोटी."

"खरंच लिहिलं ते. तुझीच काळजी होती."

"मग त्या वर्गात तरुण मुली कोण होत्या, आप्पा? फाटकाबाहेर पानटपरीवरची माणसं ती नोटीस वाचून आमच्याकडं बघत होती. सरांकडं न्हाई, आमच्याकडं. तुम्ही ती ओळ माझ्यावर लिहिली."

सिंधु स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ओळ लिहिताना, टाइप करून घेताना, भोकरच्या पेटीत टाकताना आणि त्या झेरॉक्सवरून नसलेली वाचतानासुद्धा, त्या मुलींमध्ये माझी पोरगी बसलेली आहे हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. प्रत्येकावर शंका घेणारा मी, त्या माणसाला बुडवताना तिच्याकडे बघायचंच विसरलो होतो.

"हाव," मी म्हटलं. "तुझ्यावरच लिहिली."

पुनमनं मान हलवली, रिकामा खोका उचलला आणि मे महिन्यातल्या विमानाची तारीख आईला सांगायला आत गेली.